वयनीची चूळ

"डाग ना? अहो, ते औषधाचे," डॉक्टरीणबाई हातमोजे काढता काढता सहज म्हणाल्या, आणि हरिश्चंद्र जो आवेशाने खुर्चीच्या कडेवर बसला होता, तो तसाच बसून राहिला. आत्ता दोन मिनिटांपूर्वी त्याने तक्रार मांडली होती, चांगली मुद्देसूद. आमच्या वहिनी परत मशेरी लावायला लागल्यात, मी स्वतःच्या डोळ्यांनी बघितलं, दात तपकिरी झालेत, हिरडीवर एवढी शस्त्रक्रिया झाली, टाके पडले, तरी बाई ऐकत नाहीत, आता तुम्हीच काय ते कडक शब्दांत सांगा. डॉक्टरीण तन्वी म्हणजे कालची पोर, त्याच्या मुलीच्या वयाची. ती हसली. म्हणाली, "दोन आठवडे त्या औषधानं चूळ भरली की पुष्कळांचे दात तपकिरी होतात. वर चहा असेल तर विचारूच नका. घेतात ना त्या चहा?" "कोरा. चार वेळा." "मग झालं तर. सफाई केली की जातील डाग. तोंडाची चवसुद्धा थोडे दिवस बिघडते, मिठाची तर हमखास. मी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं हे. तुम्ही तर लिहूनही घेत होतात." लिहून घेतलं होतं, खरं आहे. कागद अजून त्याच्या खिशात होता. शस्त्रक्रियेच्या दुसऱ्या दिवसापासून. सकाळ-संध्याकाळ दहा मिली. तीस सेकंद. जोरात खळखळायचं नाही. गिळायचं नाही. नंतर अर्धा तास काही खायचं-प्यायचं नाही. आणि खाली दोन रेघा ओढून, मशेरी कायमची बंद. डागांचं आणि चवीचं त्यात कुठे काही नव्हतं. मशेरीच्या खाली रेघा ओढण्यात तो एवढा गुंग होता की पुढचं बोलणं कानावरून गेलं असणार.

"चूळ चालू आहे ना पण?" डॉक्टरणीने विचारलं. "रविवारपासून बंद आहे," तो म्हणाला. का, म्हणून तिने वर पाहिलं. आता इथे खोटं बोलता आलं असतं. पण एवढ्याशा पोरीपुढे त्याच्या तोंडून खरंच निघून गेलं. "बाटली माझ्याकडे आहे." "तुमच्याकडे कशी?" तो खिशातला कागद चाचपू लागला. ती समजून घेतल्यासारखी मान हलवून म्हणाली, "आता तसंही ते औषध थांबवायचंच होतं. कोमट पाण्यात मीठ घालून गुळण्या करू देत. पण काल तुम्ही त्यांना दाखवायला आणणार होतात. मागच्या कोपऱ्यात हिरडी अजून भरत होती, ती बघायला हवी. उद्या आणा. विसरू नका हं काका."

विसरला नव्हता तो. काल मंगळवारी मुद्दाम गेला नव्हता आणायला. कुडाळातल्या त्या दवाखान्याच्या पायऱ्या उतरताना त्याला हे स्वतःशी कबूल करावं लागलं. ओरोसला कचेरीत फोन करून त्याने अर्धी रजा टाकली. साहेबांनी कारण विचारलं तर म्हणाला, घरचं आहे. डिकीत हेल्मेट काढायला हात घातला तर खाली ती बाटली आडवी पडलेली. निम्मी भरलेली. तीन दिवस तो ही बाटली घेऊन कचेरीत जात होता आणि परत येत होता, पोलिसाने मुद्देमाल सांभाळावा तशी. अरे बाबा हरी, काय केलंस हे, असं तो स्वतःशीच, मोठ्याने म्हणाला. शेजारी नारळ सोलणारा माणूस कोयता थांबवून बघायला लागला, तेव्हा त्याने घाईघाईने स्कूटर सुरू केली.

पिंगुळी मागे पडली. रस्त्याला वाहन फारसं नव्हतं. मार्चातली दुपार, आणि काजूच्या बोंडांचा तो आंबूस गोड वास रस्ताभर. रविवारीसुद्धा हाच वास होता. रविवारी तो खुशीत गेला होता इन्सुलीला, गावच्या घरी, वहिनीकडे, म्हणजे त्याच्या वयनीकडे. टाके निघाले होते, आणि त्याआधी तपासायला गेलेला तुकडा साफ निघाला होता. वयनीच्या खालच्या दाढांपाशी हिरडीवर पांढरा जाड चट्टा आला होता. तो कापून काढला आणि कुठल्या कुठे तपासायला पाठवला, तेव्हापासून उत्तर येईपर्यंतचे सहा दिवस त्याने कसे काढले ते त्याचं त्याला माहीत. बायको किशोरी म्हणायची, अहो जेवा तरी. त्याला घास गिळवत नसे. उत्तर चांगलं आलं. पण तन्वी डॉक्टरणीने बजावलं, "या वेळी सुटलात. मशेरी परत लावलीत तर पुढच्या वेळचं मी काही सांगू शकत नाही." वयनी मान खाली घालून "होय बाय" म्हणाली होती. आणि रविवारी कचेरीतल्या कसल्याशा गमतीवर ती खदखदून हसली, तेव्हा त्याला तिचे दात दिसले. तपकिरी. हिरडीच्या कडेने तर चांगलेच काळपट. त्याच्या छातीत धस्स झालं. इतकंच झालं होतं खरं तर, छातीत धस्स झालं होतं. भीती वाटली होती त्याला. पण माणसाला, त्यातून बावन्न वर्षांच्या आणि सव्वीस वर्षं सरकारी कचेरीत काढलेल्या माणसाला, भीती वाटली की ती सरळ भीती म्हणून थोडीच बाहेर येते? ओरडणं म्हणून आली.

"तू परत मशेरी लावक लागलंस," तो म्हणाला होता. "माका काय सांगा नको. माका दिसता." ती वाढायचा डाव हातात घेऊन उभी. बांगड्याच्या तिखल्यात मीठ एवढं झालं होतं की पहिलाच घास त्याने बाजूला ठेवला होता. आता त्याचाही त्याला अर्थ लागला. "नि जिबेक चव खंय उरली हा तुका? मीठ बघ कितक्या घातलंस! थय कुडाळात बसान मी सकाळ-सांज आकडे मोजतंय, नि हय तू माज्या पाठसून मशेरी लावतंस. मगे ह्या औषध तरी तुका कित्याक होया?" आणि फळीवरची बाटली उचलून सरळ बाहेर. ती मागून उंबऱ्यापर्यंत आली. नाही म्हणाली नाही, होय म्हणाली नाही. "जेवान तरी जा," म्हणाली. तो थांबला नाही तेव्हा म्हणाली, "बरा. मगे सावकाश जा." बस्स. आणि ते न बोलणं त्याने गुन्ह्याची कबुली म्हणून धरलं. कचेरीत शिपाई चंदन दहा मिनिटं उशिरा आला तरी त्याला आधी नोटीस जाते, खुलासा करावा म्हणून. हरिश्चंद्रच काढतो ती नोटीस, आणि खुलासा आल्याशिवाय पुढे एक अक्षर लिहीत नाही. चंदनला खुलाशाची सोय आहे. वयनीला नव्हती.

ते आकडे मोजणं मात्र मजेचं होतं. पहिल्या दिवशी वयनी म्हणाली, तीस सेकंद म्हंजे किती ता माका समजाचा नाय, मी काय घड्याळ घेवन बसतलंय? मग तो रोज सात वाजता फोन करायचा, सकाळी आणि संध्याकाळी. "घेतलंस तोंडात?" पलीकडून "म्म." मग तो मोजायचा, एक, दोन, तीन. पलीकडे ती नाकाने श्वास घेतेय आणि अगदी हलकं खळखळ करतेय, ते ऐकू यायचं. वीस झाले की ती "म्म म्म" करून घाई करायची, आणि हा मुद्दाम सावकाश मोजायचा. पंचवीस... सव्वीस... मग पच्चकन थुंकण्याचा आवाज आणि लगेच शिव्या. "मेल्या, कडू किती आसा ता तुका काय म्हायत! मरतंय मी हय, नि तू ल्हवल्हव मोजतंस!" किशोरी स्वयंपाकघरातून हसायची. बारा दिवस हे चाललं. लग्नानंतर एवढ्या वर्षांत तो वयनीशी रोज दोनदा कधी बोलला नव्हता. आणि हे बोलणं तरी कसलं, एकाने आकडे म्हणायचे आणि दुसऱ्याच्या तोंडात औषध. पण त्याला ते आवडायला लागलं होतं. सोमवारी सकाळी सात वाजता त्याचा हात आपसूक फोनकडे गेला होता, आणि त्याने तो मागे घेतला होता. तिनेही केला नाही फोन. म्हणजे काय, केला असता तरी बोलली काय असती? बाटली तर याच्याकडे.

झाराप गेलं. आता रस्ता रुंद झाला आणि ऊन डोळ्यांवर यायला लागलं. मशेरीचा राग त्याला एवढा का यावा, याचं कारण मात्र त्याने कुणालाच सांगितलं नव्हतं, किशोरीलाही नाही. तो पाच वर्षांचा असताना आई गेली, आणि पुढच्याच वैशाखात दादाचं लग्न झालं. दादा एसटीवर ड्रायव्हर, आठवड्यातले चार दिवस बाहेर. घरात हा पोर आणि एकोणीस वर्षांची शेवंती, म्हणजे वयनी. तिला स्वतःला मूल झालं नाही. झालं नाही म्हणजे, हा होताच की. सगळं गाव त्याला 'शेवंतीचो हरी' म्हणायचं. दुपारी जेवणं आटपून भांडी घासून झाली की ती त्याला दुकानात पिटाळायची, तंबाखूचं पान आणायला. मग चुलीवर जुना तवा चढायचा, त्यावर ते पान काळं होईपर्यंत भाजायचं, आणि हा पंख्याने निखाऱ्याला वारा घालायचा. तो वास! खोकला यायचा, डोळ्यांतून पाणी यायचं, तरी तो तिथून हलायचा नाही. भाजलेलं पान तळव्यावर चुरायचं कामही पुढे त्याच्याकडेच आलं. बारीक चुरता फक्त त्यालाच येतं, असं ती शेजारणींना सांगायची आणि त्याला कोण अभिमान वाटायचा. मग ती शेजारच्या तुळसाकाकीच्या पायरीवर जाऊन बसायची, आणखी दोघीतिघी यायच्या, तर्जनी हिरडीवरून फिरायची आणि गप्पांना ऊत यायचा. दिवसभरात तेवढाच अर्धा तास तिला कुणी हाक मारत नसे. त्या अर्ध्या तासात ती हसायची ती वेगळीच, पोरीसारखी; तो दारातून बघत राहायचा. आता तन्वी डॉक्टरणीने तोंडात आरसा घालून तो पांढरा चट्टा त्याला दाखवला, तेव्हा पहिला विचार मनात आला तो हा, की मशेरी आपण चुरून दिली. आपल्या हातांनी, वर्षानुवर्षं. आणि ती सोड म्हणून सांगताना आपण तिचा तो अर्धा तासही काढून घेतला. त्याच्या बदल्यात दिलं काय, तर दहा मिली कडू पाणी आणि तीस आकडे.

आणि मग, काही संबंध नसताना, म्हणजे संबंध होता पण त्याला तो लगेच लागला नाही, त्याला ते कुर्ल्यांचं आठवलं. सहावीत होता. चार दिवस शाळा बुडवून व्हाळाच्या पाण्यात कुर्ल्या, म्हणजे खेकडे, धरत बसला होता. पाचव्या दिवशी गुरुजींनी विचारलं तर बिनदिक्कत सांगितलं, वयनी तापाने फणफणली होती, तिच्यापाशी होतो. गुरुजी पक्के. म्हणाले, उद्या वयनीला घेऊन ये. रात्रभर तो जागाच. सकाळी ती आली शाळेत, धडधाकट, डोक्यावरून पदर घेऊन, आणि गुरुजींच्या टेबलापुढे उभी राहिली. गुरुजींनी हरीचं म्हणणं तिला सांगितलं. तिने एकदा हरीकडे पाहिलं आणि पुस्तकातल्या मराठीत, जी ती कधीच बोलत नसे, म्हणाली, "होय गुरुजी. ताप होता खूप. हरी होता म्हणून पाणी तरी मिळालं." आणि वर दोनदा खोकलीसुद्धा. परत येताना अर्धा रस्ता ती एक शब्द बोलली नाही. हरीची मान छातीला टेकलेली. व्हाळाच्या लाकडी साकवावर आल्यावर तिने विचारलं, "कुर्ल्यो गावल्यो काय रे?" "दोन." "चार दिसांनी दोनच? मगे करीत काय होतंस मेल्या?" आणि हसायला लागली ती थांबेचना. तो मात्र रडला. त्यानंतर त्याने शाळा कधी बुडवली नाही, निदान तिच्या नावावर तरी नाही.

आत्ता हेल्मेटच्या काचेआड ते आठवून हरिश्चंद्रला हसू आलं, आणि हसता हसता एकदम संबंध लागला. मी धडधडीत खोटं बोललो होतो आणि ती चारचौघांत माझ्या बाजूने उभी राहिली. ती खरी होती, आणि मी तिची बाटली उचलून नेली. त्याने स्कूटर बाजूला घेतली. समोरून गोव्याकडचे ट्रक एकामागून एक गेले. त्याला स्वतःची एवढी लाज वाटली की थोडा वेळ पुढे जावंसंच वाटेना. आणि मग दुसरा विचार आला. आपण म्हणालो, तू मशेरी लावतेस. औषध काढून घेतलं, फोन बंद केला, दवाखान्यात नेलं नाही. मग आता तिने न लावायचं कशासाठी? कुणासाठी? तीन दिवस झाले. तीन दिवसांत तुळसाकाकीच्या पायरीवर तिला कोण अडवणार होतं? हिरडी अजून भरत होती, म्हणाली डॉक्टरीण. त्याने पुन्हा स्कूटर सुरू केली आणि इन्सुलीच्या नाक्याचा फाटा येईपर्यंत वेग कमी केला नाही.

तो पोचला तेव्हा तीन वाजून गेले होते, नेमकी ती वेळ. तुळसाकाकीच्या पायरीवर तिघी बसल्या होत्या, बोटं तोंडात. त्याने आधी त्यांच्यात शोधलं. वयनी नव्हती. "खंय गेली?" त्याने विचारलं. तुळसाकाकीने बोट बाहेर काढलं आणि मागच्या बाजूला मान केली. "मागल्या दारी. हय येता खंय ती आता! वास सुदीक नको म्हणता. पंधरा दीस झाले, आमच्यात बसाक नाय." ती हे तक्रारीच्या सुरात म्हणाली आणि परत बोट हिरडीला लावलं. पंधरा दिवस. हरिश्चंद्र अंगणात उभा राहिला. म्हणजे रविवारी तो उशिरा, याच वेळेला, जेवायला आला तेव्हाही ही पायरी इथेच होती, तिघीच बसलेल्या होत्या, आणि तो त्यांच्यासमोरून गेला होता. कारकुनाची नजर ती. दाताचा डाग दिसला आणि रिकामी जागा दिसली नाही.

मागल्या दारी वयनी बोंडांपासून काजूबिया पिळून वेगळ्या करत बसली होती. हात कोपरापर्यंत चिकट. गाल डाव्या बाजूला किंचित सुजलेला वाटला, की सावली होती कोण जाणे. तिने त्याच्याकडे पाहिलं, काम थांबवलं नाही. "कचेरी नाय आज?" त्याने वाटेत बोलायचं सगळं जुळवून ठेवलं होतं, त्यातलं काहीएक आठवेना. तो तिच्यासमोर जमिनीवरच बसला, कचेरीच्या पँटीनिशी.

"वयनी, माजा चुकला. डाग औषधाचे आसत. डाक्टरणीन सांगल्यान."

"माका ठावक आसा."

"ठावक आसा? कसा?"

"माज्या तोंडात काय गेला नि काय नाय, ता माका ठावक नसतला तर कोणाक आसतला?"

"मगे सांगलंस कित्याक नाय माका?"

तिने हातातलं बोंड पिळून बी टोपलीत टाकली. "तू इचारलंस खंय?" म्हणाली. रागाने नाही, कुठल्याही साध्या गोष्टीबद्दल बोलावं तशी म्हणाली. "तू सांगलंस. मी आयकलंय."

हरिश्चंद्रने टोपलीबाहेर पडलेली एक बी उचलून आत टाकली. कुठेतरी कोंबडी ओरडत होती. त्याला वाटलं, आयुष्यभर आपण या बाईला सांगतच आलो. अमुक गोळी घे, गॅस बंद कर, दार लावून झोप, कुडाळला ये, मशेरी सोड. प्रेमानेच सांगितलं, पण सांगितलंच. दादा गेल्याला चार वर्षं झाली. या घरात एकटीला कसं वाटतं, हेसुद्धा त्याने कधी विचारलं नव्हतं, घराची कौलं मात्र दोनदा शेकारून दिली होती. अर्ज तपासताना हजार प्रश्न काढणाऱ्या माणसाला हा एक प्रश्न काढताना घाम फुटला.

"वयनी, दुखता काय गो तुका?"

ती थांबली. चिकट हात तसेच अधांतरी धरून त्याच्याकडे बघत राहिली, आणि तिचे डोळे भरून आले. "दुखता," ती म्हणाली. "पयल्या दिसापासून दुखता. पानी पितना दुखता. नि ता दुखणा एक, पण तीन वाजले काय बोट आपसूक तोंडाकडे जाता, त्याचा काय करू? थय त्येंचा हसणा आयकाक येता. मगे मी हय येवन बसतंय." ती बोलत राहिली. तवा तुळसाला देऊन टाकला ते सांगितलं, जेवणाला चव लागत नाही ते सांगितलं, आधी मीठ दोनदा घातलं नि तरी लागेना म्हणून तिसऱ्यांदा घातलं ते सांगितलं, आणि ते सांगताना स्वतःच हसली. त्याने मध्ये एकही सल्ला दिला नाही. मिठाच्या कोमट पाण्याचंसुद्धा नंतर सांगू म्हणून गिळून टाकलं. ती श्वास घ्यायला थांबली की तो नुसतं "मगे?" म्हणायचा.

"रविवारी तू गेलंस," ती म्हणाली, "नि माका इतको राग इलो, इतको राग इलो! सरळ तुळसाकडे गेलंय. म्हटलंय, तो म्हणता लावतंस, तर लावतंय. तिच्या डबयेतली घेतलंय बोटार."

हरिश्चंद्रच्या छातीत पुन्हा तेच धस्स झालं. या वेळी त्याने ते तसंच राहू दिलं.

"मगे?"

"मगे काय? धुतलंय बोट."

"कित्याक?"

ती पुन्हा बोंड उचलणार होती, ते तिने तसंच ठेवलं. "अरे, लावलंय असता तर तू खरो ठरलं असतंस," ती म्हणाली. "नि खरो ठरलं असतंस तर परत इलं असतंस?"

त्याने पुढे सरकून तिचे ते चिकट हात दोन्ही हातांत धरले, आणि ती "अरे मेल्या, कपडे खराब होतले, डाग जावचे नाय," म्हणून ओरडत राहिली तरी सोडले नाहीत.